१८व्या होलवर तीन फटक्यांची आघाडी: जाँ व्हान द वेल्दचे नेमके कुठे चुकले, हे मुलांना कसे समजावून सांगावे?

पांदणवाट (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सातवी-आठवीला गणित शिकवतो आणि खेळाचा तासही माझ्याकडेच आहे. आमच्या गावात गोल्फ कुणी खेळत नाही. सोयाबीन निघाले की मोकळ्या वावरात टेनिस चेंडूचे क्रिकेट चालते आणि हिवाळ्यात कबड्डीचे सामने होतात. तरीही गेले दोन आठवडे आठवीच्या वर्गात एका फ्रेंच गोल्फपटूवरून वाद चालू आहे, आणि तो योग्य रीतीने मिटवावा म्हणून हा धागा काढत आहे.

एका मुलाने वडिलांच्या फोनवर एक जुनी चित्रफीत आणली होती. तीत एक माणूस बूट-मोजे काढून, पँट पोटरीच्या वर गुंडाळून ओढ्याच्या पाण्यात उभा आहे, हातात गोल्फची काठी आहे आणि सभोवती हजारो माणसे त्याच्याकडे पाहत आहेत. मुले हसली. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्या माणसाची माहिती वाचत बसलो, आणि आपण वर्गाला हसू द्यायला नको होते असे मला तीव्रतेने वाटले.

त्याचे नाव जाँ व्हान द वेल्द. जन्म २९ मे १९६६ रोजी, फ्रान्सच्या नैऋत्येकडील माँ-द-मार्सां या गावी. १९८७ मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९९३ मध्ये रोम मास्टर्स ही स्पर्धा जिंकला. १९९९ च्या जुलैमध्ये स्कॉटलंडमधील कार्नूस्ती येथे ओपन चॅम्पियनशिप झाली. पुरुषांच्या गोल्फमधील चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी ही सर्वांत जुनी स्पर्धा, आणि या स्पर्धेत त्याला थेट प्रवेशही नव्हता. तो पात्रता फेरी खेळून आला होता. रविवार, १८ जुलैला तो ७१ होल संपवून ७२व्या, म्हणजे शेवटच्या होलच्या टीवर उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. हा होल चार फटक्यांचा. त्याने सहा घेतले असते तरी तो विजेता ठरला असता. त्याने सात घेतले.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी एवढेच सांगतो की ठरावीक जागेवरून, म्हणजे टीवरून, चेंडू मारत मारत दूरच्या एका छोट्या खळग्यात टाकायचा असतो. असे १८ होल मिळून एक फेरी होते, अशा चार फेऱ्या चार दिवसांत खेळतात आणि ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी तो जिंकतो.

कार्नूस्तीचा शेवटचा होल ४८७ यार्ड लांब होता, म्हणजे सुमारे ४४५ मीटर. हे अंतर फळ्यावर लिहून मुलांना काही कळेना, म्हणून मी पन्नास मीटरचा टेप घेतला आणि आठवीच्या वर्गाला शाळेच्या फाटकापासून पांदणीने चालवत नेले. टेप नऊ वेळा टाकावा लागला. ४४५ मीटर भरले तिथे आम्ही नाल्याच्या काठावरच्या बाभळीजवळ पोचलो होतो. मागे वळून पाहिले तर फाटक दिसत होते, पण फाटकातला घंटेचा लोखंडी तुकडा दिसत नव्हता. चार फटक्यांत एवढ्या लांबून चेंडू बाभळीच्या बुंध्याशी खणलेल्या वाटीएवढ्या खळग्यात टाकायचा आणि मध्ये आडवा-तिडवा नाला पुन्हा पुन्हा ओलांडायचा, असे सांगितल्यावर मुले पहिल्यांदा गप्प झाली.

आता वाद असा आहे. व्हान द वेल्दने पहिला फटका सर्वांत लांब मारणाऱ्या काठीने मारला आणि चेंडू बराच उजवीकडे गेला, पण ओढ्यात न पडता कोरड्या जागी थांबला. तिथून त्याने चेंडू थोडा पुढे सरकवून ठेवण्याऐवजी सरळ ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड गवताच्या जागेच्या, दिशेने मारला. तो प्रेक्षकांच्या उंच मंचाच्या कठड्यावर आदळला, तिथून उलट उसळून ओढ्याच्या दगडी भिंतीवर पडला आणि पुन्हा मागे, गुडघाभर गवतात आला. तिसरा फटका ओढ्यात गेला. इथेच तो पाण्यात उतरला, पण शेवटी तिथून न मारता एका फटक्याचा दंड घेऊन बाहेर आला. पाचवा फटका वाळूच्या खड्ड्यात, सहावा ग्रीनवर, सातवा होलमध्ये. अशा रीतीने तो एका फटक्याने ओपन हरला.

निम्म्या वर्गाचे म्हणणे आहे की पुढे असताना जपून न खेळणारा माणूस अविचारी असतो. उरलेला निम्मा वर्ग म्हणतो की कठड्यावरून चेंडू मागे येईल हे कुणाला ठाऊक होते? माझे स्वतःचे मत अजून ठरलेले नाही. या खेळातले जाणकार कुणी असतील तर त्यांनी कृपया सांगावे, की चूक नेमकी कोणत्या फटक्यात होती. आणि मुलांसमोर या माणसाची ओळख त्या एका होलपुरतीच करून द्यावी का?

हिरवळ (पहिले उत्तर)

सर, मी मूळचा वाशीम जिल्ह्यातला. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ मैदानावर मी सहा वर्षे गवताच्या कामावर होतो आणि सुट्टीच्या दिवशी खेळाडूंच्या पिशव्या उचलण्याचे, म्हणजे कॅडीचे कामही करत होतो. आता गावी रोपवाटिका आहे. कार्नूस्तीच्या त्या होलवर मी खूप विचार केला आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्रथम हिशेब मांडू, कारण आपण गणिताचे शिक्षक आहात. पहिल्या फटक्यानंतर तो ग्रीनपासून सुमारे १९० यार्डांवर होता. समजा त्याने वेज नावाची आखूड, तिरप्या फळीची काठी घेऊन चेंडू ओढ्याच्या अलीकडे सपाट जागेवर ठेवला असता, तर दोन फटके झाले असते. पुन्हा त्याच काठीने ओढ्यावरून ग्रीनवर, तीन. ग्रीनवर पटरने, म्हणजे चेंडू ढकलण्याच्या काठीने, तीन वेळा ढकलले असते तरी एकूण सहा, आणि सहाने तो जिंकतच होता. व्यावसायिक खेळाडू ग्रीनवर तीन फटके क्वचितच घेतो. म्हणून जगभरची टीका त्या दुसऱ्या फटक्यावर, त्याने निवडलेल्या दोन नंबरच्या लोखंडी काठीवर होते.

माझे मत मात्र वेगळे आहे. त्याचा चेंडू आखूड गवतावर स्वच्छ बसलेला होता. हद्दीबाहेरचा धोका डाव्या बाजूला होता, म्हणून त्याने चूक झालीच तर ती उजवीकडे व्हावी असा नेम धरला, आणि उजवीकडे प्रेक्षकांचा मंच होता. आता मंचाचा नियम लक्षात घ्या. स्पर्धेसाठी तात्पुरत्या उभारलेल्या अशा मंचात चेंडू जाऊन अडकला, तर खेळाडूला दंडाशिवाय ठरवून दिलेल्या जागी चेंडू टाकता येतो. म्हणजे तो चेंडू कठड्याच्या दोन बोटे वर किंवा खाली लागून आत राहिला असता, तर व्हान द वेल्द ग्रीनच्या बाजूला मोकळ्या जागेवरून तिसरा फटका खेळला असता आणि आज आपण त्याला विजेता म्हणून ओळखले असते. चेंडू कठड्याच्या नळीवर लागणे, तिथून ओढ्याच्या भिंतीच्या माथ्यावर पडणे आणि तिथूनही पाण्यात न पडता मागे गवतात येणे, या तीन गोष्टी ओळीने घडणे फार दुर्मीळ.

माझ्या दृष्टीने चूक तिसऱ्या फटक्याची आहे. मी गवत कापण्याचे काम केले आहे, म्हणून हे हाताला ठाऊक आहे. उंच, ओलसर गवतात चेंडू बसला की काठीची फळी चेंडूपर्यंत पोचण्याआधीच गवताची पाती तिच्या मानेला, म्हणजे दांडी आणि फळी जिथे जुळतात तिथे, गुंडाळली जातात. फळी वळते, वेग मरतो आणि चेंडू जोर नसल्यासारखा लगेच खाली येतो. आपण विळ्याने ओले गवत कापताना विळा जसा मध्येच अडकून फिरतो तसेच हे. अशा जागेवरून पुढे ओढा असताना तो पार करण्याचा प्रयत्न करणे ही जोखीम, आणि या वेळी तिची गरज नव्हती. चेंडू आडवा काढून मोकळ्या पट्ट्यावर ठेवला असता तर तीन, तिथून ग्रीनवर चार, आणि पटरचे दोन मिळून सहा. दुसऱ्या फटक्यात नशीब फिरले होते. तिसऱ्या फटक्याआधी त्याच्या हातात विचार करायला वेळ होता आणि अजूनही जिंकण्याइतके फटके शिल्लक होते.

कॅडीबद्दलही लोक बोलतात. क्रिस्तोफ आंजोलिनी नावाचा तरुण त्याच्यासोबत होता. काठी कोणती घ्यायची हे शेवटी खेळाडूच ठरवतो, परंतु अशा क्षणी खेळाडूची चाल मंद करणे हे कॅडीचे काम असते. आम्हाला जुने कॅडी सांगत की खेळाडू घाईत दिसला तर पिशवी खाली ठेवू नका, खांद्यावरच राहू द्या. काठी काढायला त्याला दोन पावले तुमच्यापर्यंत यावे लागते आणि तेवढ्या वेळात त्याचा श्वास जागेवर येतो. कार्नूस्तीत त्या दोघांमध्ये काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

कोरडवाहू (दुसरे उत्तर)

पांदणवाट सर, मला गोल्फ येत नाही. आर्वी तालुक्यात माझी अकरा एकर कोरडवाहू शेती आहे. आपला प्रश्न आणि हिरवळ भाऊंचे उत्तर वाचून मला दुबार पेरणी आठवली, म्हणून लिहितो.

मृगात एक चांगला पाऊस येतो, जमीन वाफशावर येते आणि आपण पेरतो. नंतर पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते, उगवलेले कोंब तापतात आणि सगळे मोडून पुन्हा पेरावे लागते. मग पारावर बसलेली माणसे म्हणतात की याने घाई केली. तीच माणसे, पुढच्या आठवड्यात पाऊस आला असता, तर म्हणाली असती की याने वेळ साधली. पेरणाऱ्याने त्या दिवशी जे पाहिले ते दोन्ही वेळा एकच होते, म्हणजे ओली माती, ढग आणि घरात ठेवलेले बियाणे. एका वर्षी मी असाच पेरून बसलो आणि सोयाबीनची सात एकरांची दुबार पेरणी करावी लागली. त्या वर्षी गावात मला जे ऐकावे लागले ते मी विसरलेलो नाही, त्यामुळे निकाल पाहून माणसाला शहाणा किंवा वेडा ठरवण्याला माझा विरोध आहे आणि आपल्या वर्गातल्या दुसऱ्या गटाशी माझी सहानुभूती आहे.

तरीही हिरवळ भाऊ, दुसऱ्या फटक्याबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. तुम्ही म्हणता की उजवीकडे चूक झाली तरी मंचाचा नियम त्याला वाचवत होता. ते खरे असेल. पण ज्याच्या कोठीत तीन पोती बियाणे जास्त आहे, त्याने पहिल्याच पावसावर सगळे वावर पेरायचे कारण काय? आमच्याकडे अनुभवी शेतकरी अशा वेळी अर्धे वावर पेरतो आणि अर्धे राखून ठेवतो. शेजाऱ्याच्या आधी पीक येत नाही, पण घरातले बियाणे मातीत जात नाही. व्हान द वेल्दच्या हातात तीन फटके शिल्लक होते आणि त्याला बक्षीस कमी फटक्यांचे नव्हते, फक्त पहिल्या क्रमांकाचे होते. तीन फटक्यांनी जिंकला काय आणि एका फटक्याने जिंकला काय, चषक तोच. मग ग्रीन गाठून त्याला अधिक काय मिळणार होते? जोखीम चांगली की वाईट हे पाहण्याआधी ती घेण्याची गरज होती का, हे पाहावे असे मला वाटते. त्यामुळे दुसऱ्या फटक्याला मी चूक म्हणणार नाही, पण अनावश्यक नक्कीच म्हणेन.

दुसऱ्या बाजूनेही विचार करून पाहिला. चार दिवस जो माणूस मोकळ्या मनाने मारत आला आणि त्यामुळेच पुढे गेला, त्याला शेवटच्या पंधरा मिनिटांत वेगळ्या रीतीने खेळायला सांगणे कितपत बरोबर? ज्याचा हात फक्त भरधाव बैलजोडीवर बसला आहे, त्याला हळू हाकायला लावले की तास वाकडे जाते. याचे उत्तर माझ्यापाशी नाही. या मंडळात कुणी खेळाडू असतील तर त्यांनी सांगावे.

खोखो_अमरावती (तिसरे उत्तर)

नमस्कार सर, नमस्कार दादा. मी अमरावतीत मुलींना खो-खो शिकवते आणि पूर्वी स्वतः राज्य पातळीवर खेळले आहे.

आधी एक दुरुस्ती, कारण ती मुलांपर्यंत चुकीची जाऊ नये. व्हान द वेल्द एका फटक्याने हरला नाही. सातने त्याचे एकूण २९० फटके झाले आणि तो स्कॉटलंडचा पॉल लॉरी व अमेरिकेचा जस्टिन लेनर्ड यांच्या बरोबरीत आला. त्यानंतर चार होलांचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठीचा जादा खेळ, झाला आणि तो लॉरीने जिंकला. लॉरी शेवटच्या दिवशी सकाळी दहा फटक्यांनी मागे होता. ज्या मैदानावर रान इतके वाढवलेले होते आणि पट्टे इतके अरुंद केलेले होते की तिघांचीही बेरीज पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, सहाने जास्त होती, तिथे त्याने शेवटची फेरी ६७ मध्ये संपवली आणि प्लेऑफच्या शेवटच्या दोन्ही होलांवर एकेक फटका वाचवला. शेवटचा होल तोच, ओढ्याचा. लॉरीने तिथे तीन घेतले. हा विजय कुणी त्याच्या पदरात टाकलेला नव्हता, आणि व्हान द वेल्दची कथा सांगताना लॉरीचे नाव गाळले जाते याचे मला फार वाईट वाटते. सर, आपण फळ्यावर तीन नावे लिहावीत ही विनंती.

आता आपला दुसरा प्रश्न, की त्याची ओळख एका होलपुरती ठेवावी का. मुळीच ठेवू नये. मी मुलींना त्याची पुढची वर्षे सांगते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील ब्रूकलाइन येथे रायडर कप झाला, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका हा संघांचा सामना. कार्नूस्तीच्या कामगिरीच्या जोरावर तो युरोपच्या संघात आला आणि रायडर कप खेळणारा पहिला फ्रेंच खेळाडू ठरला. पण कर्णधार मार्क जेम्स याने पहिले दोन दिवस त्याला आणि आणखी दोन नवख्यांना एकही सामना दिला नाही. तिसऱ्या दिवशी एकेरीत सर्वांना खेळावेच लागते. तिघेही थेट उतरले आणि तिघेही हरले. व्हान द वेल्द डेव्हिस लव्हकडून मोठ्या फरकाने हरला. युरोप १०-६ ने पुढे होता आणि १४½-१३½ ने हरला. खो-खोमध्ये राखीव मुलीला पूर्ण सामना बाहेर बसवून शेवटच्या डावात धावायला उतरवले, की तिचे पाय जमिनीला चिकटतात. तिला पळता येत नाही अशातला भाग नसतो, तिच्या अंगात सामन्याची लय आलेली नसते. ही गोष्ट मी अनुभवाने लिहिते, कारण अशी उतरवली गेलेली मुलगी एकदा मी होते.

२००० मध्ये तो अमेरिकेतल्या रेनो येथे पुन्हा प्लेऑफमध्ये हरला. नंतर गुडघ्याच्या दुखापतीने त्याला दीर्घकाळ बाहेर ठेवले. २००५ मध्ये, एकोणचाळीस वर्षांचा असताना, पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅशनलवर फ्रेंच ओपनमध्ये तो पुन्हा बरोबरीत आला आणि आपल्याच देशाच्या जाँ-फ्रांस्वा रेमेसीकडून प्लेऑफमध्ये हरला. आपल्याच माणसांसमोर, आपल्याच देशाच्या स्पर्धेत. आणि पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, मदेरा बेटावरची स्पर्धा त्याने जिंकली. १९९३ नंतर युरोपियन टूरवरचे हे त्याचे दुसरे विजेतेपद. मधली तेरा वर्षे मोजा, सर. गुडघा धरून बसला असता तर कुणी नाव ठेवले नसते.

कोरडवाहू दादांच्या शेवटच्या प्रश्नावर माझे म्हणणे असे, की स्वभावाविरुद्ध खेळायला सांगू नये हे खरे, पण स्वभावात थांबणे शिकवता येते आणि ते सरावातच शिकवावे लागते, शेवटच्या पंधरा मिनिटांत ते येत नाही. तरी त्या होलवरचा एक फटका मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. सहा फटके झाले होते, विजय गेला होता, पाय ओले होते आणि समोर काही फुटांचा चेंडू होता. तो चुकला असता तर प्लेऑफही मिळाला नसता. त्याने तो टाकला आणि मूठ उगारली. ओढ्यातला फोटो सगळ्यांनी पाहिला आहे. मुलांना तो सातवा फटका दाखवा.

जाता जाता त्याच्या आधीचा एक फ्रेंच खेळाडूही सांगते, कारण तो आपल्या गावाकडच्या मुलांना जवळचा वाटेल. आर्नो मासी, जन्म १८७७, समुद्राकाठच्या बियारित्झचा. लहानपणी सार्डीन पकडणाऱ्या होड्यांवर काम केले, मग गावातल्या गोल्फ मैदानावर कॅडी झाला. तो डावखुरा होता, पण डाव्या हाताच्या काठ्या मिळत नसल्याने उजव्या हाताने खेळायला शिकला. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या होयलेक येथे त्याने ओपन जिंकली आणि ब्रिटनबाहेरचा पहिला विजेता झाला; त्या आनंदात त्याने मुलीच्या नावातही होयलेक जोडले. त्यानंतर ओपन जिंकणारा दुसरा फ्रेंच झाला नाही. व्हान द वेल्द त्या रविवारी १९०७ पासून बंद राहिलेले दार उघडायला निघाला होता, म्हणून फ्रान्समध्ये ते दुःख एका माणसाचे राहिले नाही. महिलांमध्ये मात्र सेलीन बूतिये हिने २०२३ मध्ये फ्रान्समध्येच एव्हियाँ चॅम्पियनशिप जिंकली. मुलींच्या वर्गात तिचेही नाव घ्यावे.

पांदणवाट

ताई, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. आज तिन्ही नावे आणि तिघांच्या चारही फेऱ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले: व्हान द वेल्द ७५, ६८, ७०, ७७, लेनर्ड ७३, ७४, ७१, ७२, लॉरी ७३, ७४, ७६, ६७. बेरीज मुलांनीच केली. तिन्ही वेळा २९० आल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीने पुन्हा बेरीज केली, तिला विश्वास बसत नव्हता.

कोरडवाहू दादांचे दुबार पेरणीचे उदाहरण सांगितल्यावर वर्गातले गट बदलले. ज्यांच्या घरी मागच्या वर्षी दुबार पेरणी झाली होती ती मुले सगळी एका बाजूला गेली. त्यातला एक मुलगा एरवी वर्गात बोलत नाही. तो उभा राहून म्हणाला, "सर, बाबांनीही ढग पाहूनच पेरलं होतं." त्यानंतर मी वाद पुढे वाढवला नाही. हिरवळ भाऊंचा तिसऱ्या फटक्याचा हिशेब मात्र सर्वांना पटला आहे, आणि मलाही. दुसऱ्या फटक्याबद्दल मी आता दादांच्या बाजूचा आहे.

एक शंका राहिली आहे. दंड घेऊन बाहेरच यायचे होते तर तो बूट काढून पाण्यात उतरला कशासाठी? आणि पाण्यातून चेंडू मारणे नियमात बसते का? हा प्रश्न त्याच बेरीज तपासणाऱ्या मुलीचा आहे आणि उद्या तिला उत्तर द्यायचे आहे.

हिरवळ

सर, तिला सांगा की नियमात बसते. पाण्यात चेंडू आहे तसा दंड न घेता मारता येतो, आणि ओढा उथळ असेल व चेंडूचा वरचा भाग दिसत असेल तर खेळाडू तसा प्रयत्न करतातही. त्याला सुरुवातीला चेंडू दिसत होता, म्हणून तो उतरला. एक फटका वाचला असता. पण तो उभा असताना पाणी वाढत गेले आणि चेंडू खाली बसला, म्हणून त्याने विचार बदलला. ओढ्याच्या अलीकडे, चेंडूने ओढ्याची हद्द जिथे ओलांडली ती जागा आणि होल यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे येऊन चेंडू टाकला आणि दंडाचा फटका चौथा म्हणून मोजला. त्या काळच्या नियमाप्रमाणे मारण्याआधी काठी पाण्याला टेकवताही येत नसे. २०१९ पासून ती मुभा आहे.

आणखी एक गोष्ट तिला आवडेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये व्हान द वेल्द एका जाहिरातीसाठी त्याच होलवर परत गेला आणि टीपासून शेवटपर्यंत फक्त पटरने खेळला. तिसऱ्या प्रयत्नात त्याने तो होल सहा फटक्यांत पूर्ण केला.

माझ्याकडे दोन जुन्या काठ्या आणि शंभरएक चेंडू रोपवाटिकेच्या खोलीत पडून आहेत. पोळ्यानंतर कामे थोडी कमी होतात. चालत असेल तर एका शनिवारी बसने घेऊन येतो. पांदणीत नको, कुणाच्या बैलाला लागेल, पण नाल्याकाठची कापलेली जागा मोकळी असेल तर तिथून बाभळीपर्यंत मुलांना मारू देऊ.